‘पिवळी दोरी नकोच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ताडपत्रीच्या दोऱ्यांवरच्या माझ्या ‘पिवळी दोरी नकोच’ या लेखाखाली तुम्ही ‘जुना इंदूरकर’ या नावाने प्रतिक्रिया लिहिलीत. तुमचं म्हणणं असं : ‘कुठलीही दोरी भिजली की सैल पडते’ हे लेखातलं वाक्य चूक आहे. पिवळी प्लास्टिकची दोरी आम्ही वर्षानुवर्षं वापरतो, काही बिघडत नाही. लेखात पॅराकॉर्डचं, म्हणजे पॅराशूटसाठी बनलेल्या बारीक दोरीचं, नावही नाही. आणि शेवटी, ‘हे सगळं पंख्याखाली बसून लिहिलेलं दिसतं, गच्चीवर कधी चढला नसाल.’

चूक आधी कबूल करतो. भिजून सैल पडते ती नायलॉनची. सुती दोरी, सुतळी यांचे धागे पाण्याने फुगतात, पीळ आवळतो आणि दोरी आखूड होते. ‘कुठलीही’ हा शब्द घाईत गेला. अर्थात त्यामुळे सुती दोरी चांगली ठरत नाही. ताणून बांधलेली भिजली तर ताडपत्रीचा डोळाच, म्हणजे दोरी ओवायचं कडीचं भोक, उचकटते.

आता ते पंख्याखालचं वाक्य.

मी इंदूरच्या मल्हारगंजात वाढलो. घर अर्धं गच्चीचं, अर्धं कौलारू. जूनचा पाऊस यायच्या आत कौलांवर ताडपत्री पसरणं हे बाबांचं काम, आणि दोरीचं दुसरं टोक धरून खाली उभं राहणं माझं. आठवीत असल्यापासून. बाबा दोरीत मध्येच एक फास घेत, टोक खुंटीला वळसा घालून त्या फासातून काढत आणि मग अंगाचा भार टाकून खाली ओढत. ट्रकवाले माल आवळतात तसं. माझ्या तळहातांना वळ उठायचे. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण माहीत नाही तर लिहायचं कशाला? दोऱ्यांचं ज्ञान कच्चं आहे म्हणाला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. गच्चीवर चढला नसाल, हे मी ऐकून घेणार नाही.

पिवळ्या दोरीचं म्हणाल तर तिनेच आमचं नुकसान केलंय. एका मे महिन्यात आईने वर्षाचे गहू गच्चीवर वाळत घातले होते. संध्याकाळी अचानक आभाळ भरून आलं. ताडपत्री टाकली आणि हाताशी होती ती कपडे वाळत घालायची पिवळी दोरी सोडून आवळली. दोन उन्हाळे उन्हात होती ती. पहिल्याच झोताला कोपरा उडाला. गाठ जागेवर होती, दोरी तिच्या कडेला तुटली होती. तुकडा चुरगळला तर हाताला भुकटी लागली. ही दोरी पॉलिप्रॉपिलीनची. उन्हातल्या अतिनील किरणांनी ती ठिसूळ होते. त्यात गाठीपाशी कुठल्याही दोरीची ताकद घटते, कधी निम्म्यावर येते. गहू नंतर खोल्यांतून पसरले, पण त्या वर्षी आमच्या पोळ्यांना वास यायचा.

‘काही बिघडत नाही’ हे दोरी नवी असेपर्यंत. दर पावसाळ्याला नवी घेत असाल तर तसं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याचीही फसगत होणार नाही. सियागंजच्या बाजारात मी रस्सी मागितली की आजही आधी पिवळीच पुढे येते, म्हणून तर लेख लिहिला.

ताडपत्रीला घ्यावी ती पॉलिएस्टरची दोरी : पाणी जवळजवळ पीत नाही, फारशी ताणत नाही, उन्हात टिकते. घरच्या ताडपत्रीला ६ मिमी जाडी पुरते. नायलॉनचं ताणणं बंद पडलेली गाडी ओढायला कामाचं, झटका बसत नाही. पण तिने संध्याकाळी ताठ बांधलेली ताडपत्री सकाळी पोटात पाणी धरून लोंबते. शिवाय भिजल्यावर नायलॉनची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी होते.

पॅराकॉर्ड नायलॉनचीच असते. ५५० पौंडांची, म्हणजे जवळपास २५० किलो पेलणारी असली तरी भिजल्यावर ताणणारच. त्यावर वेगळं लिहायची गरज वाटली नाही, आजही वाटत नाही.

‘कुठलीही’ हा शब्द लेखातून आज काढला आहे. शीर्षक तेच राहील.