काखेतल्या गाठींच्या पोस्टवर आलेली कमेंट आणि माझं उत्तर

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये काखेतले नोड, म्हणजे लसिका ग्रंथी, किती काढायचे यावरच्या माझ्या पोस्टवर आलेली तुमची कमेंट काल रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं होतं पण ते पाठवण्यासारखं नव्हतं, म्हणून आज परत बसलेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मी डॉक्टर नाही, "काखेत कॅन्सर ठेवून शिवून टाका असला मूर्खपणा बायकांना शिकवू नका", नोड शोधायला टोचतात ती निळी डाय मी लिहिलं तशी रेडिओअ‍ॅक्टिव्ह नसते, आणि ऑपरेशनआधी किमो झालेल्या पेशंटबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

डायचं मान्य. निळा रंग वेगळा, रेडिओअ‍ॅक्टिव्ह टेक्नेशियमचं इंजेक्शन वेगळं, बरेचदा दोन्ही एकत्र वापरतात म्हणून माझी गल्लत झाली. निळ्याने लघवीचा रंग एक-दोन दिवस बदलतो, क्वचित अ‍ॅलर्जी होते. झालं समाधान?

आता तो मूर्खपणा. अहो, "मला हे पटलं नाही" एवढं म्हटलं असतंत तरी मी उत्तर दिलंच असतं ना! चार वर्षं लिहितेय, लोक चुका दाखवतात, मी सुधारते, पण असं खेकसून कोणी बोललं नव्हतं. आणि "काखेत कॅन्सर ठेवा" हे मी कुठे लिहिलंय ते वाक्य दाखवाच. मी लिहिलं होतं की सेंटिनल नोड, म्हणजे ट्यूमरमधल्या पेशी काखेकडे निघाल्या तर ज्या नोडमध्ये आधी पोचतील तो, क्लीन निघाला तर बाकीचे काढत नाहीत, आणि एक-दोन नोडमध्ये सापडलं तरी दर वेळी अख्खी काख साफ करावी लागतेच असं नाही. हे काय मी घरी बसून ठरवलं? झेड-झिरो-झिरो-इलेव्हन ट्रायलमध्ये 891 बायका होत्या, निम्म्यांची काख साफ केली, निम्म्यांची नाही, आणि 10 वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण साफ केलेल्यांत 83.6 टक्के, न केलेल्यांत 86.3. ट्यूमर 5 सेंमीपर्यंत, बाहेरून काखेत गाठ लागत नाही, लम्पेक्टॉमी (स्तन ठेवून फक्त गाठ काढणं) आणि नंतर रेडिएशन, या अटी त्या पोस्टच्या तिसऱ्या परिच्छेदात आहेत, तिथपर्यंत वाचलं असतं तर.

बरं, ती नको असेल तर 1971 ला सुरू झालेली बी-04 ट्रायल घ्या. ज्यांची काख तपासताना मोकळी लागत होती त्यांच्यातल्या एका गटाचे नोड काढले तर जवळपास 40 टक्के जणींत कॅन्सर निघाला, म्हणजे ज्या गटाच्या काखेला हातच लावला नाही तिथेही साधारण तेवढाच असणार. तरी त्या गटात पुढे काखेत गाठ आली 18-19 टक्क्यांनाच, आणि 25 वर्षांनी जगण्यात फरक नाही. तेव्हा तर सोबत किमोपण नव्हती.

आणि डॉक्टर नाही म्हणता, नाहीच आहे मी. तुम्ही कोण ते तुम्हीही लिहिलेलं नाही, प्रोफाइलवर सूर्यास्ताचा फोटो आहे. पण काख कशाला म्हणतात ते मला माहितीय. 2006 साली माझे 17 नोड काढले, सेंटिनलचा विषयही कोणी काढला नाही, रिपोर्टवर लिहून आलं 0/17, म्हणजे एकातही कॅन्सर नाही. सगळे खूश, मीपण. तिसऱ्या वर्षी हात सुजायला लागला तो आजतागायत, हातावर दाब देणारी स्लीव्ह घातल्याशिवाय दिवस जात नाही, डावी बाही उसवून मोठी करावी लागते, दंडाच्या आतली बाजू अजून बधिर आहे कारण तिथली नस काखेतून जाते आणि ती तेव्हा कापली गेली. सतरा चांगले नोड गेले माझे! हे सांगायचं नाही का मी? तुमच्या घरात कोणाचा हात असा असता तर तो शब्द टाइप झाला असता का तुमच्याकडून?

किमोनंतरचा प्रश्न वेगळा आहे, त्यात कॅन्सर असलेल्या नोडवर खुणेची क्लिप लावणं, डाय आणि टेक्नेशियमसारखे दोन ट्रेसर वापरणं, किमान तीन नोड मिळवणं असं बरंच येतं, एका पोस्टमध्ये काय काय कोंबायचं. बघू, लिहीन कधीतरी. मॅस्टेक्टॉमीवाल्यांचंही, म्हणजे अख्खा स्तन काढलेल्यांचंही, तेच.

कमेंट डिलीट करणार नाहीये. डायचं वाक्य दुपारपर्यंत दुरुस्त करते, तोवर तुम्ही तेवढा एक शब्द काढता का बघा.