‘दोन सर्व्हर आहेत, मग डीआर कशाला?’ या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांच्या आणि उद्यमबागेतल्या कारखानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: “सर्व्हरला रेड-५ आहे, शेजारी दुसरा सर्व्हर तयार आहे, रोज रात्री बॅकअप होतो. वेगळी डीआर साइट म्हणजे व्हेंडरने गळ्यात मारलेला खर्च.” डीआर (डिझास्टर रिकव्हरी) साइट म्हणजे मुख्य सर्व्हर बंद पडला तर काम चालवण्यासाठी दूर ठेवलेली दुसरी व्यवस्था. मेसेज वाचताना पटतो आणि त्यावर विसंबून निर्णयही घेतले जातात. म्हणून एकेक विधान तपासू.

“रेड-५ आहे.” चांगलं आहे, पण रेड म्हणजे अनेक डिस्कनी मिळून डेटा सांभाळायची पद्धत, आणि रेड-५ चा अर्थ एवढाच की एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही. ४ टीबीच्या चार डिस्कपैकी एक बदलली की उरलेल्या तिन्ही, म्हणजे १२ टीबी, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. चारही डिस्क बहुतेक वेळा एकाच दिवशी, एकाच लॉटमधून घेतलेल्या असतात, त्यामुळे थकतातही बरोबरच. कधीकधी दुसरी डिस्क नेमकी या रिबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरताना, मान टाकते. रेड-६ किंवा रेड-१० घ्या आणि एक स्पेअर डिस्क कपाटात ठेवा. तरीही रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) लॉक केलेली फाइल कुठलंही रेड तितक्याच इमानाने लिहून ठेवतं.

“शेजारी दुसरा सर्व्हर आहे.” रॅकच्या मागे जाऊन केबल बोटाने धरून बघा. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आणि चारही वायर एकाच यूपीएसच्या एकाच पट्टीत, हे चित्र फार ठिकाणी दिसतं. हेस्कॉमची लाइट गेली आणि जनरेटर चालू होण्याआधी बॅटरीने दगा दिला, की दोन्ही सर्व्हर एकदमच बंद. प्रत्येक सर्व्हरची एक वायर एका यूपीएसला, दुसरी दुसऱ्याला. नेटवर्कचे स्विचही दोन. इंटरनेटच्या दोन लाइन वेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच लाइन समजा.

यापेक्षा वाईट बिघाड दोन सर्व्हरमधला दुवा तुटल्यावर होतो. दोघांनाही वाटतं, दुसरा मेला. दोघेही लिहायला लागतात, एकाच नंबरच्या दोन पावत्या निघतात आणि नंतर कुठली खरी हे ठरवताना खातेदार समोर उभा असतो. म्हणून तिसरं मत देणारं एक छोटं मशीन, म्हणजे विटनेस, वेगळ्या जागी हवंच. आणि चुकून चालवलेली डिलीट कमांड रिप्लिकावरही, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरच्या डेटाच्या चालू प्रतीवरही, काही सेकंदांत पोचते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एखादी रिप्लिका मुद्दाम तासभर मागे ठेवता येते. अशा वेळी तीच कामी येते.

“रोज रात्री बॅकअप होतो.” संध्याकाळी पाचला सर्व्हर गेला तर दिवसभराच्या नोंदी गेल्या. काउंटरच्या स्लिपवरून काही परत भरता येतील, पण पिग्मी एजंटच्या (दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्याच्या) मशीनमधली वसुली अपलोडनंतर पुसली जात असेल तर ती आणणार कुठून? यावर उपाय दर १५ मिनिटांच्या लॉग बॅकअपचा, म्हणजे डेटाबेसमधल्या ताज्या बदलांच्या नोंदीची प्रत घेण्याचा. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये त्यासाठी रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ लागतं. ‘सिंपल’वर लॉग बॅकअप होतच नाही. ‘फुल’ करून लॉग बॅकअप लावायचा विसरलात, तर लॉग फाइल फुगून डिस्कच भरते.

बॅकअप “होतो” हे कोणी पाहिलं, हाही प्रश्न आहेच. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कोड ठेवणाऱ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. क्लाउडमधली बॅकअपची जागा रिकामी निघाली, कारण बॅकअप घेणारं टूल डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं होतं. ते फसल्याचे ईमेलही नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरचा साठवणीचा डबा) सर्व्हरच्याच अॅडमिन पासवर्डवर उघडत असेल तर रॅन्समवेअर आधी तिकडेच जातं. एक प्रत अशी हवी की ठरलेल्या मुदतीआधी अॅडमिनलाही पुसता येणार नाही.

“डीआर म्हणजे फुकटचा खर्च.” सगळंच्या सगळं दुप्पट करू नये, इतपत मेसेज बरोबर आहे. कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांच्या मुख्य सॉफ्टवेअरला, १५ मिनिटांचा डेटा आणि चार तासांचा वेळ एवढंच नुकसान परवडत असेल. जुन्या स्कॅन फाइलना दोन दिवस लागले तरी चालतं. दूरच्या क्लाउडमध्ये फक्त एका छोट्या सर्व्हरवर डेटाबेसची प्रत चालू ठेवा, बाकी सर्व्हर बंद. गरज पडली की उठवा. नुसता बॅकअप क्लाउडवर ठेवून भागत नाही: २०० जीबी ५० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला जवळपास नऊ तास लागतात.

जागा मात्र विचार करून निवडा. ओळखीचं म्हणून कोल्हापूर सोयीचं वाटतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पूर बेळगाव जिल्ह्यात होता तसाच कोल्हापुरातही होता आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली होता. एकाच पावसात दोन्ही ठिकाणं अडकली, तर दुसरी साइट कशासाठी घेतली? मुंबई किंवा हैदराबादचं क्लाउड केंद्र घ्या.

मग वर्षातून दोनदा, मार्चअखेरचे दिवस टाळून, रविवारी मुख्य सर्व्हर खरोखर बंद करून काम डीआरवर चालवा. डीआर जाहीर कोण करणार, त्याचं नाव आणि बॅकअप उघडायचा पासवर्ड कागदावर, तिजोरीत. तो पासवर्ड फक्त बंद पडलेल्या सर्व्हरवरच असतो, हे अशाच दिवशी कळतं. परत येताना जुना सर्व्हर चालू करण्याआधी त्याची नेटवर्क केबल काढा. नाहीतर तो स्वतःलाच मुख्य समजून जुन्या शिलकेवर नोंदी घ्यायला लागतो.