कुकीचं उदाहरण देताय, तर ते पुरतं द्या

सध्या नागपुरातल्या डेव्हलपर मंडळींत एक मेसेज फिरतोय. सार असं: स्टँडर्डची, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या नियमांची, वाट पाहिली असती तर वेब नव्वदच्या दशकातच अडकलं असतं. कुकी, म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखखूण, नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीने आणली; पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवणारी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट मायक्रोसॉफ्टने; आणि ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांची पुढची आवृत्ती एचटीटीपी/२, तिचं मूळ गूगलच्या स्पीडीत. तेव्हा कंपन्यांनी आपापली भर घालत राहावी, ज्याला नको त्याने वापरू नये. मिहानमधल्या कंपन्यांत नुकती नोकरीला लागलेली पोरंही हे छातीठोकपणे सांगतात, म्हणून लिहितोय.

उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितलेली.

कुकीच घ्या. नेटस्केपने १९९४ मध्ये ती आपल्या गरजेपुरती बनवली आणि ब्राउझरसोबत वाटली. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचं कुकीबद्दलचं पहिलं स्टँडर्ड, आरएफसी २१०९ (आरएफसी म्हणजे तिचा क्रमांक दिलेला दस्तऐवज), आलं १९९७ मध्ये. तुम्ही उघडलेल्या साइटशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच सर्व्हरची कुकी ब्राउझरने आपणहून स्वीकारू नये, असं त्यात होतं. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही ते मानलं नाही, कारण तोवर जाहिरातवाल्यांचा धंदा त्याच कुकीवर उभा राहायला लागला होता. शेवटी २०११ च्या आरएफसी ६२६५ ने, ब्राउझर प्रत्यक्षात जे करत होते तेच बहुतांशी लिहून काढलं. एका साइटवर चप्पल पाहिली की पुढे जिथे जाल तिथे तीच दिसते, त्याची सुरुवात इथली.

स्पीडीचं उलट झालं, आणि तेच मेसेजवाल्यांच्या विरोधात जातं. गूगलने २००९ मध्ये स्पीडी जाहीर केलं. त्यात हेडर, म्हणजे प्रत्येक मागणीसोबत जाणारी कुकीसारखी माहिती, नेहमीच्या पद्धतीने दाबून (आकार कमी करून) पाठवले जात. २०१२ मध्ये क्राइम नावाच्या हल्ल्याने दाखवलं, की दाबलेल्या डेटाचा फक्त आकार मोजत गेलं तरी गुप्त कुकी ओळखता येते. आयईटीएफच्या गटाने ती पद्धत टाकून एचपॅक ही नवी बांधली, २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आलं आणि पुढच्या वर्षी गूगलने क्रोममधून स्पीडी काढून टाकलं. कंपनीने आपली चीज चारचौघांत ठेवली, इतरांना ती बदलू दिली आणि स्वतःची आवृत्ती मोडीत काढली. या तिन्ही गोष्टी झाल्या, म्हणून ते प्रगतीचं उदाहरण आहे.

‘नको असेल तर वापरू नका’ याचा मला मनापासून राग येतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी अनेक मराठी साइट आपापल्या फाँटवर चालत. तो फाँट वाचकाकडे पोचवायला मायक्रोसॉफ्टचा ईओटी हा प्रकार वापरत, आणि तो फक्त इंटरनेट एक्स्प्लोररला कळे. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत बातमी नीट दिसायची. तीच कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सवर उघडली की रोमन अक्षरं, टोप्या घातलेले स्वर आणि अपूर्णांकाच्या खुणा. मूळ दोष त्या फाँटच्या स्वतःच्या एन्कोडिंगचा, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवण्याचा, होता, हे कबूल. पण एकाच ब्राउझरमध्ये पान छान दिसतंय म्हटल्यावर युनिकोडवर जायची घाई कुणाला होती? वाचकाने यातलं काहीच निवडलं नव्हतं. त्याला फक्त आपल्या भाषेतली बातमी वाचायची होती. मायक्रोसॉफ्टने ईओटी वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेपुढे ठेवला तो २००८ मध्ये, आणि २०१२ मध्ये स्टँडर्ड झाला तो वॉफ हा फाँटचा दुसराच प्रकार.

राहिला ब्राउझरवाल्यांचा ‘आम्ही नव्या सोयीच्या नावाआधी प्रीफिक्स, म्हणजे आपली खूण, लावतो, म्हणजे प्रयोग आहे हे सगळ्यांना कळतं’ हा मुद्दा. बातमीचा मथळा तीन ओळींत कापायचा असेल तर आजही आपण सफारीच्या वेबकिट इंजिनाची खूण असलेलं ‘-वेबकिट-लाइन-क्लॅम्प’ लिहितो, आणि फायरफॉक्सलाही २०१९ मध्ये ते त्याच नावाने घ्यावं लागलं. हेडरच्या नावाआधी ‘एक्स-’ लावायची प्रथाही आयईटीएफने २०१२ मध्ये आरएफसी ६६४८ काढून मोडीत काढली. कारण तेच: प्रयोग संपतो, नाव चिकटून राहतं, मग दोन्ही नावं सांभाळत बसा.