मासा आजारी पडला की आधी पाण्याकडे बघा

सकाळी दिवा लावला तर केशर टाकीच्या कोपऱ्यात, तळाशी बसलेली. एरवी मी खोलीत आले की ती काचेपाशी येऊन अख्खं अंग वळवळवते. त्या दिवशी जागची हलली नाही. पाठीवरचा पर मिटून अंगाला चिकटलेला, कल्ल्यांची उघडझाप कितीतरी जलद चाललेली, आणि शेपटीच्या पातळ पडद्यात लाल शिरा उठून दिसत होत्या.

केशर ही माझी फॅनटेल गोल्डफिश. चार वर्षं झाली तिला आमच्याकडे येऊन. घाबरून धाकट्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, मासाच आहे ना? नाहीच जगली तर दुसरी आण."

तो मनाचा वाईट नाही. टाकी ठेवणाऱ्या कितीतरी लोकांना आतून असंच वाटतं. मासा ओरडत नाही, कण्हत नाही. त्याला पापण्या नसतात, त्यामुळे मलूल डोळेसुद्धा आपल्याला दिसत नाहीत. दुखतंय हे सांगायला त्याच्याकडे मोजक्याच खुणा आहेत: पर मिटून घेणं, खाणं सोडणं, पृष्ठभागाशी येऊन हवा गिळणं, दगडाला अंग घासणं. २००३ साली ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी रेनबो ट्राउट माशांच्या ओठांत दाह करणारं द्रव्य टोचलं. त्या माशांनी खाणं टाकलं, काही जण ओठ तळाच्या खड्यांवर घासत राहिले, आणि मॉर्फीन दिल्यावर हे वागणं कमी झालं. हे वाचल्यापासून 'मासाच आहे' हे शब्द माझ्याच्याने ऐकवत नाहीत.

केशरच्या आधी माझ्याकडे काजळ होती, काळी मूर जातीची गोल्डफिश. तिची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. ती सुस्त झाली तेव्हा मी एकाच दिवसात तीन औषधं टाकीत ओतली. एक बुरशीचं, एक परजीवींचं, एक अँटिबायोटिक. ज्यांच्याकडून मासा घेतला होता त्यांनी "सगळंच टाका, काहीतरी लागू पडेल" असं सांगितलं आणि मी ते ऐकलं. पाणी निळं-हिरवं झालं. तिसऱ्या दिवशी काजळ गेली. त्या तीन दिवसांत पाणी तपासायचं एकदाही माझ्या मनात आलं नाही, कारण पाणी तपासायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. नंतर वाचत गेले तसं कळलं की तिला काय झालं होतं ते मला कधीच समजणार नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

म्हणून या वेळी औषधाच्या बाटलीला हात लावायच्या आधी टेस्ट किट काढलं. पाच मिली पाणी, मोजून थेंब, आणि काचेच्या नळीतला रंग पिवळ्याचा हिरवा होईपर्यंत थांबणं. अमोनिया १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात एक भाग. तो शून्य असायला हवा. 'थोडासा चालतो' असं त्यात काही नाही.

टाकीतलं पाणी मात्र आरशासारखं नितळ होतं. अमोनियाचं हेच वाईट आहे, तो दिसत नाही. मासा ज्या पाण्यात श्वास घेतो त्याच पाण्यात त्याचं उत्सर्जनही होतं, आणि गोल्डफिश आपला बहुतेक अमोनिया थेट कल्ल्यांमधून सोडतो. त्यात उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून आणखी भर पडते. नदीत किंवा तळ्यात हे सगळं वाहून, विरून जातं. टाकीत ते जिरवायचं काम फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य, आणि ते आपण पाणी बदलून काढतो. ही वसाहत नव्या टाकीत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी आणली, संध्याकाळी मासे सोडले आणि पंधरवड्यात मेले, या गोष्टीच्या मागे बहुतेक वेळा हेच असतं.

मग माझ्या जुन्या, जमलेल्या टाकीत अमोनिया आला कुठून? मी चार दिवस बाहेर गेले होते. मागे घरच्यांनी केशरची काळजी घ्यायची म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरास्वच्छ धुतला, आणि ती उपाशी राहू नये म्हणून दिवसातून तीनदा खायला घातलं. दोन्ही गोष्टी मायेपोटी. पण नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने वसाहत बरीचशी मेली, आणि त्याच वेळी तिच्यावरचा भार तिप्पट झाला. यात त्यांची काहीच चूक नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा असतो हे मी त्यांना सांगून जायला हवं होतं.

त्या सकाळी अर्धं पाणी बदललं. नवं पाणी जुन्याच तापमानाचं, क्लोरीन काढायचं द्रावण घालून. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की पुरतं असं बरेच जण सांगतात. नुसता क्लोरीन असेल तर तो उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं आणि ते असं उडत नाही. म्हणून मी द्रावणच वापरते. खाणं पूर्ण बंद केलं. धडधाकट मोठा गोल्डफिश आठवडाभर न खाताही राहतो, आणि आजारपणात तर घातलेला प्रत्येक दाणा पुन्हा अमोनियाच होऊन परत येणार. एअर पंपाची हवा वाढवली, टाकीवरचा दिवा बंद ठेवला.

आणि मीठ घातलं. मिठाबद्दल फार गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी लिटरला एक ग्रॅम घातलं, म्हणजे शंभर लिटरच्या टाकीला शंभर ग्रॅम, तेही वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत. खडे थेट माशावर पडू द्यायचे नाहीत. मीठ अमोनिया कमी करत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पण अमोनियाच्या मागोमाग नायट्राइट वाढतं, आणि ते कल्ल्यांतून रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात सतत पाणी शिरत असतं आणि क्षार बाहेर जात असतात. आजारात ही ओढाताण त्याला जड जाते, मिठाने ती थोडी हलकी होते. आणखी एक, मीठ वाफेबरोबर जात नाही. जेवढं पाणी बदललं तेवढ्याच पाण्याचं मीठ पुन्हा घालायचं, नाहीतर नकळत प्रमाण चढत जातं.

दुसऱ्या दिवशी अमोनिया अर्धा पीपीएम. पुन्हा अर्धं पाणी. चौथ्या दिवशी नायट्राइट दिसायला लागलं, तेव्हा भीती वाटली आणि बरंही वाटलं, कारण जिवाणू पुन्हा जागे होत होते. वहीत सकाळ-संध्याकाळ आकडे लिहीत गेले. रात्री उठून टॉर्चच्या उजेडात तिचे कल्ले मोजायचे, मिनिटाला किती वेळा. तिला त्रास होऊ नये म्हणून उजेड भिंतीवर टाकायचा.

सहाव्या दिवशी तिच्या परांच्या कडा काळ्या पडल्या आणि माझं धाबं दणाणलं. पण अमोनियाने भाजलेली त्वचा भरून येताना गोल्डफिशवर असे काळे डाग उमटतात. काळा रंग दिसला तेव्हा ती बरी व्हायला लागली होती. मला हे आधी माहीत नसतं तर मी त्याच रात्री औषध ओतलं असतं, नुकते जगू लागलेले जिवाणू पुन्हा मारले असते.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. कित्येक औषधं फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतात. मिथिलीन ब्लू त्यातलंच. खूण ओळखण्याआधी औषध घालणं हे माशासाठी केलेलं काहीतरी असं आपल्याला वाटतं, पण ते आपली घालमेल शमवण्यासाठी असतं. काजळच्या वेळी मी तेच केलं.

खुणाही फसव्या असतात. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक, एका परजीवीचा आजार, हे खरं. पण नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे बारीक दाणे येतात. ते ओळीत असतात आणि तेवढ्याच जागी राहतात. तो आजार नाही. निरोगी, प्रेमात पडलेल्या नराला औषधात बुडवून ठेवलेलं मी पाहिलंय. आणि इक खरोखर असेल तरी औषध ठिपक्यांतल्या परजीवीपर्यंत पोचत नाही. तो माशाला सोडून तळाशी जातो, तिथे विभागतो, आणि नवी पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवले तर आठवड्याभरात दुप्पट ठिपके येतात. थंड पाण्यात हे चक्र लांबतं, तसे उपचारही लांबवावे लागतात.

उलटा तरंगणारा गोल्डफिश बघवत नाही. फॅनटेल, रांचू, ओरांडा अशा गोल अंगाच्या माशांना हे जास्त होतं, कारण माणसानेच पिढ्यान् पिढ्या त्यांचं शरीर आखूड केलं आणि आतडं व वाताशय, म्हणजे तोल राखणारी हवेची पिशवी, एकाच चिमुकल्या पोकळीत दाटले. आधी पाणी तपासा, मग दोन-तीन दिवस उपास, मग उकडलेल्या, साल काढलेल्या मटाराचा कण. पुढे तरंगणारं खाणं सोडून बुडणारं द्या. गोल्डफिशला जठर नसतं, थोडं थोडं खाणंच त्याला सोसतं. यानेही फरक नाही पडला तर कारण आत कुठेतरी आहे, आणि काही मासे कलते राहूनही वर्षानुवर्षं नीट जगतात.

वर्षभर दुर्लक्षिलेली टाकी असेल तर माझ्यासारखं एकदम अर्धं पाणी बदलू नका. अशा टाकीत पीएच हळूहळू घसरलेला असतो, आणि आम्लधर्मी पाण्यात अमोनियाचं रूप कमी विषारी असतं. ताज्या पाण्याने पीएच झटकन चढला की तोच साठलेला अमोनिया घातक होतो. तिथे रोज थोडं थोडं.

खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिले, पोट फुगलं, डोळे बाहेर आले, तर ते ड्रॉप्सी. मूत्रपिंडं हरत चालल्याची ती खूण असते. लवकर लक्षात आलं तर वेगळ्या भांड्यात, रोज ताज्या पाण्यात काही मासे सावरतात, पण बरेच सावरत नाहीत. इथे जनावरांचे डॉक्टर गाठा. सगळेच मासे बघत नाहीत हे खरं, पण विचारायला लाजू नका. त्वचेवरचा चिकट थर किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा डॉक्टर भेटला तर आपले दहा अंदाज वाचतात. आणि आता याचं फक्त हालच होतायत अशी वेळ आली, तर शांत मरण कसं देता येईल हेही त्यांनाच विचारा. जिवंत मासा संडासात सोडणं किंवा फ्रीजरमध्ये ठेवणं हे शांत मरण नाही.

हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका, आणि एरवीही नंतर साबणाने धुवा. माशांचा एक क्षयासारखा जिवाणू माणसाच्या त्वचेत शिरतो आणि महिनोन् महिने जात नाही.

गोल भांड्याबद्दल एकच सांगते, ते देऊन टाका. त्यात फिल्टर मावत नाही, पाणी दोन दिवसांत विषारी होतं, आणि आपण समजतो गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं. नीट ठेवला तर तो दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. ब्रिटनमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ मध्ये गेला, त्रेचाळीस वर्षांचा होऊन.

केशरने नवव्या दिवशी खाल्लं. एकच दाणा, तोही आधी तोंडात घेऊन थुंकला आणि मग पुन्हा घेतला. फिल्टर पूर्ण सावरायला अजून तीन आठवडे गेले, तोवर एक दिवसाआड पाणी काढत राहिले. शेपटीच्या उजव्या टोकाला एक काळी रेघ अजून आहे, दर आठवड्याला थोडी फिकी होते.

भावाचा परवा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, अमोनिया किती आहे आता?"

शून्य, म्हटलं. नायट्राइटही शून्य.