सहाशे एमबीपीएसचा द्वारपाल

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि आमचा कॉम्प्युटर घरबसल्या निवृत्त झाला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. ती ह्याच्यात नाही. बाकी प्रकृती ठणठणीत. दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, फेकू नका, लिनक्स टाकतो." त्याने राऊटरशेजारी मांडी घातली, केबल जोडली, पेनड्राइव्हवरून डेबियन १२ (विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट लिनक्सचा एक अवतार) चढवलं आणि संध्याकाळच्या बसने परत गेला. जाताना म्हणाला, "आता व्हायरस नाही, लायसन्स नाही, कटकट नाही." पहिली दोन वचनं आजतागायत पाळली गेली आहेत.

राऊटर आमच्या दर्शनी साळेत, म्हणजे बाहेरच्या खोलीत, आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधे देवघर. केबल न्यायची तर देवघराच्या चौकटीवरून न्यायला हवी, आणि त्यावर आईचा निकाल एका वाक्याचा होता: "देवाच्या डोक्यावरून वायर जायची नाही." अपील वगैरे काही नसतं. त्यात मला घाई. गावच्या जत्रेला आमचं मंडळ दरवर्षी संगीत नाटक करतं. (फोंडा तालुक्यात जत्रा आहे आणि नाटक नाही, असं गाव कोणाला ठाऊक असेल तर कळवावं.) पाठांतराच्या प्रती टाईप करण्यापासून हस्तपत्रकापर्यंत सगळं ह्याच कॉम्प्युटरवर होतं, आणि दिग्दर्शक मास्तर दिवसातून दोनदा फोन करून "तिसरा अंक कुठपर्यंत आला?" विचारत होते.

तेव्हा यूएसबीत खोचायचा वायफाय डोंगल आणायला पणजीला गेलो. अठरा जून रस्त्यालगतच्या एका दुकानात विचारलं, "लिनक्साक चलता?" दुकानदाराने वरसुद्धा न बघता सांगितलं, "सगळ्यांक चलता, पात्रांव. लिनक्स, मिनक्स, सगळें."

खोक्यावर काय नव्हतं! वाघाचं चित्र, वायफायच्या लहरी, सात भाषांत 'धन्यवाद' आणि ठळक अक्षरांत ६०० एमबीपीएस. हा आकडा कसा येतो तेही ऐकण्यासारखं आहे. २.४ गिगाहर्ट्झ बँडवर जास्तीत जास्त १५०, ५ गिगाहर्ट्झवर ४३३, बेरीज ५८३, आणि पुढचे १७ निव्वळ उत्साहाचे. डोंगल एका वेळी एकाच बँडवर चालतो, त्यामुळे ही बेरीज कधी कोणाच्या वाट्याला येत नाही. शिवाय ज्या यूएसबी २.० च्या भोकात तो खोचायचा, त्याचीच कागदावरची कमाल ४८०. पण हे सगळं सोडा. लिनक्सवाल्याला फक्त एक गोष्ट हवी असते: आतली चिप कुठली? ती सोडून खोक्यावर सगळं होतं.

डोंगल खोचला. पडद्यावर एक सीडी उगवली. कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी सीडी. उघडली तर आत सेटअप डॉट ईएक्सई, म्हणजे विंडोजचा ड्रायव्हर, उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर. भाच्याला फोन लावला.

"मामा, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाईप करायची खिडकी, उघडा आणि एलएसयूएसबी मारा. यूएसबीत काय खोचलंय ते दिसेल. आकडे वाचा."

"शेवटी एक, ए, दोन, बी. पुढे डिस्क लिहिलंय."

"अरे वा!" त्याला भलताच आनंद झाला. "तो अजून वायफाय झालाच नाही."

मग उलगडा झाला. आमच्या मंडळात माणसं कमी, म्हणून एकच नट पहिल्या अंकात द्वारपाल आणि दुसऱ्या अंकात सेनापती होतो. मधे विंगेत जाऊन मिशी बदलतो. ह्या जातीचे डोंगल तेच करतात. आधी सीडी म्हणून प्रवेश, विंडोजला स्वतःच्या खिशातला ड्रायव्हर द्यायचा, आणि मग वेश बदलून वायफाय. विंडोजवर ही मिशी बदलायला तो ड्रायव्हर असतो. लिनक्सवर यूएसबी-मोडस्विच नावाचं खातं हे काम बघतं, पण आमच्याकडे ते बसवलेलंच नव्हतं. भाचा म्हणाला, "सीडीवर राइट क्लिक करा आणि इजेक्ट म्हणा." म्हणजे त्याला आत घ्यायचं तर आधी बाहेर जा म्हणायचं. म्हटलं. सीडी गेली, आणि पुन्हा एलएसयूएसबी मारल्यावर १ए२बी च्या जागी सी८११ आलं. सेनापती रंगमंचावर हजर.

आणि हजर होऊन गप्प उभे. वायफायच्या यादीत काहीच नाही.

कारण ऐकून मला हसावं की तालमीला जावं कळेना. लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुतेक कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, आतच राहतात. ह्या चिपचा यूएसबी ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ ला, २०२३ च्या फेब्रुवारीत. डेबियन १२ आलं त्याच वर्षी जूनमध्ये, पण स्थिर आणि दीर्घायुषी म्हणून त्यांनी निवडलेला कर्नल होता ६.१. मधे फक्त पॉइंट एक. डेबियनची मंडळी तशी भारी तत्त्वाची. उपकरणांची बंदिस्त फर्मवेअर (उपकरणाच्या पोटात चालणारं, आतलं कोणाला न दाखवलेलं सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्ये घ्यावी की नाही ह्यावर त्यांनी २०२२ मध्ये चक्क मतदान घेतलं आणि 'घ्यावी' असं ठरलं. आमच्या ग्रामसभेत ह्याहून कमी विषयांवर खुर्च्या हलल्या आहेत. तर फर्मवेअर होती, चिप होती, मधला दुवा तेवढा नव्हता.

भाच्याकडे उपाय दोन. एक, कोणा परोपकारी माणसाने लिहिलेला ड्रायव्हर उतरवून घरीच कंपाइल करायचा. त्यासाठी कर्नलचे हेडर, कंपायलर आणि डीकेएमएस, कारण दर नव्या कर्नलला ड्रायव्हर नव्याने बांधावा लागतो आणि डीकेएमएस ते आठवणीने करतं. दोन, बॅकपोर्ट्समधून, म्हणजे जुन्या डेबियनसाठी नवं सॉफ्टवेअर ठेवतात त्या कोठारातून, नवा कर्नलच आणायचा. दोन्हींना एक गोष्ट समान लागत होती: इंटरनेट.

"पण ते नाही म्हणून तर हा डोंगल आणलाय ना रे!"

"मामा, फोन आहे ना? यूएसबी टेदरिंग करा, फोनचं इंटरनेट वायरने कॉम्प्युटरला द्या."

फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला, फोनमध्ये एक बटण दाबलं, आणि क्षणात डेबियनने 'वायर्ड कनेक्शन जोडलं' अशी पाटी लावली. ना चिप विचारली, ना सीडी दाखवली, ना इजेक्ट. फोनला तो सरळ तारेचं नेटवर्क कार्ड समजतो. मागे उभ्या असलेल्या बायकोने हे पाहिलं.

"आलं ना इंटरनेट?"

"आलं. आता ह्याच्यावरून डोंगल चालू करायचा."

"म्हणजे इंटरनेट आणण्यासाठी इंटरनेट आलंय, तर आता इंटरनेट कशाला आणताय?"

ह्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर आहे. ते मी दिलंही. ते संपेपर्यंत ती स्वयंपाकघरात पोहोचली होती.

दुसरा उपाय पत्करला. सुडो (मालकाच्या अधिकाराने हुकूम देण्याचा शब्द) लिहिलं, पासवर्ड मागितला. टाईप करतोय तर पडद्यावर काहीच उमटेना, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. चोराला पासवर्डची लांबीही कळू नये म्हणून ही सोय आहे म्हणे. आमच्या घरी चोर येईल तो बागेतले नारळ न्यायला. टर्मिनलपर्यंत कशाला येतोय? कर्नल उतरू लागला. निम्म्यावर मास्तरांचा फोन, तोही त्याच फोनवर. वायर लांबेल तितकं वाकून, जमिनीशी समांतर होऊन मी तिसऱ्या अंकाची प्रगती सांगितली. मग लाईट गेली. फोन चालू, इंटरनेट चालू, कॉम्प्युटर बंद. एपीटीचा, म्हणजे डेबियनच्या सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या हमालाचा, मात्र एक मोठा गुण: अर्धवट उतरलेलं तो टाकून देत नाही, पुन्हा लावलं की राहिलेल्या जागेपासून सुरू करतो. मंडळातल्या काही नटांना पाठांतराच्या बाबतीत हे जमलं असतं तर तालमी कमी लागल्या असत्या.

कॉम्प्युटर नव्या ६.१२ वर उठला. सीडी आली, तिला हाकललं, आणि ह्या खेपेला नेटवर्कच्या यादीत डोंगलचं नाव आलं: डब्ल्यूएलएक्स आणि त्याला चिकटून बारा आकडे-अक्षरं. यूएसबी वायफायचं नाव असंच पडतं. तो कुठल्याही भोकात खोचला तरी ओळख बदलू नये म्हणून कार्डाचा अख्खा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यातून मिळालेला ओळख क्रमांकच, नावात कोंबतात. एकूण पंधरा अक्षरं, आणि लिनक्समध्ये नावाला ह्याहून जास्त जागाच नाही. त्याच संध्याकाळी यूएसबी-मोडस्विच बसवून घेतलं, तेव्हापासून मिशी आपोआप बदलते.

राहिल्या भिंती. हातभर जाडीच्या चिऱ्याच्या, आजोबांनी बांधलेल्या. ५ गिगाहर्ट्झची लहर देवघरापर्यंत येते आणि तिथेच थांबते. २.४ ची धापा टाकत पलीकडे पोहोचते. मी मुकाट्याने २.४ वर राहिलो. तिसरा अंक त्याच रात्री मास्तरांना मेल केला. त्यांनी सकाळी फोन करून सांगितलं, "मेल बघता येत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव." पाठवला. फोनवरून.

रविवारी भाच्याने चौकशी केली.

"स्पीड किती येतोय, मामा?"

"अडतीस."

"सहाशेपैकी?"

"चाळीसपैकी. आमचा प्लॅनच चाळीसचा आहे."