जाळं विणायचं तर चेंदणी कोळीवाड्यात विणा, कीपिंग ग्लोव्हवर नको

ठाणे-नवी मुंबईतल्या क्रिकेटवेड्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ आणि त्याखाली पाच ओळींचा मेसेज फिरतोय. भाच्याच्या कोचिंगच्या ग्रुपवरही तो पोचला आणि पठ्ठ्या बुटाची नाडी काढून तयार. म्हणून हा खटाटोप.

मेसेजचं म्हणणं असं: विकेटकीपरच्या ग्लोव्हच्या अंगठा आणि तर्जनीमधली वेब (त्या फटीतला चामड्याचा पडदा) कापून टाका, दोन्ही कडांना भोकं पाडा, नाडीने सैल जाळी विणा, खोल पॉकेट तयार होतं आणि बॉल सुटतच नाही. मग ग्लोव्ह कडकडीत पाण्यात बुडवा, रबराला खोबरेल लावा, उन्हात वाळवा. ‘परदेशातले सगळे कीपर हेच करतात, दुकानदार सांगत नाहीत.’

आधी व्हिडिओ नीट बघा. त्यातला ग्लोव्ह क्रिकेटचा नाहीच. तो आइस हॉकीच्या गोलकीपरचा झेल घ्यायचा ग्लोव्ह आहे. तिथे पॉकेट नाडीचंच असतं, पकच्या (बॉलऐवजी असलेल्या कडक रबरी चकतीच्या) कडांनी नाडी घासून तुटते आणि ती पुन्हा ओवावी लागते. त्या खेळात ते रास्तच आहे. पक अडकला की गोलकीपर तो दाबून धरून शिट्टीची वाट बघू शकतो. अंगठ्याभोवतीही कडक साचा असतो, त्यामुळे मार बराचसा साच्यावर जातो. आणि तिथेही मोकळं रान नाही: एनएचएल या तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगच्या नियमात ग्लोव्हचा घेर 45 इंचांपेक्षा जास्त चालत नाही.

आता क्रिकेट. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या लंडनच्या क्लबच्या नियमावलीतला 27.2 हा नियम फक्त कीपरच्या ग्लोव्हजबद्दल आहे. तो सांगतो: बोटांमध्ये वेब नको, अपवाद फक्त तर्जनी आणि अंगठ्यामधल्या जागेचा, आणि तिथेही ती आधारापुरती. वेब लावलीच तर ती न ताणल्या जाणाऱ्या कापडाची किंवा चामड्याची, एकाच तुकड्याची हवी. वरून रबराचा थर चालतो, पण मजबुती देणारी जोड किंवा चुणी चालत नाही. वेबची वरची कड तर्जनीच्या टोकापासून अंगठ्याच्या टोकापर्यंतच्या सरळ रेषेबाहेर जाता कामा नये. आणि अंगठा पूर्ण ताणला की वेब ताठ झाली पाहिजे.

नाडीची जाळी यात कुठे बसते? एक तुकडा नाही. ताठ राहणार नाही, कारण सैल ठेवणं हाच तर तिचा उद्देश. नाडी भोकांतून सरकते, म्हणजे आज मापात असली तरी उद्या नसेल. पंचांनी पहिल्याच ओव्हरला ग्लोव्ह बाजूला ठेवायला सांगितला आणि किटबॅगेत दुसरा जोड नसला, तर पोरगं फास्ट बोलरला उघड्या हातांनी कीपिंग करणार का?

बरं, नियम क्षणभर विसरू. हाताचं काय होतं ते बघा. कीपर बॉल वेबमध्ये घेत नाही. बॉल यायला हवा तळव्याच्या वरच्या भागात, बोटांच्या मुळाशी, दोन्ही करंगळ्या जुळलेल्या, हात बॉलबरोबर मागे सोडलेले. वेबचं काम एवढंच, की बॉल थोडा अंगठ्याकडे आला तर त्या फटीतून निसटू नये आणि अंगठा एकटा उलटा जाऊ नये. पुरुषांच्या क्रिकेटचा बॉल 155.9 ते 163 ग्रॅमचा. ताठ वेबवर तो आदळला की झटका तर्जनी, अंगठा आणि तळवा मिळून झेलतात. सैल जाळीत तो आधी आत शिरतो आणि जाळी संपते तिथे अंगठ्याच्या टोकाला मागे खेचतो. टोकाला ओढ म्हणजे मुळाशी तरफ. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला जो लिगामेंट असतो तो अशाच ओढीने फाटतो, आणि पूर्ण फाटला तर ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं. पोरांच्या हाताशी हा खेळ कशाला?

शिवाय स्टंपिंगचं वाटोळं. लेग साइडला एका हाताने घेतलेला बॉल जाळीत लोंबकळतो, बोटं त्याच्याभोवती मिटतच नाहीत. हात स्टंपकडे नेताना बॉल मागे राहतो किंवा बाहेर उडतो. थ्रो करायचा तर आधी जाळीतून बॉल उपसा. तोवर बॅट्समन क्रीजमध्ये परत.

भोकांचंही ऐका. तर्जनीच्या कडेला ओळीने भोकं पाडली की चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. मग वेबच नव्हे, बोटच गेलं.

वेब खरंच फाटली असेल तर ती बदलता येते, आणि त्याची रीत आहे. जुनी वेब आतल्या बाजूने टाके कापून उसवा, ओढून काढू नका, म्हणजे मूळ भोकं शाबूत राहतात. जुन्या वेबवरून नवीन कापायचा मोह टाळा. ती मधोमध ताणलेली असते, तिचाच ढिलेपणा नव्या वेबमध्ये येतो. त्याऐवजी इनर (ग्लोव्हच्या आत घालायचा पातळ हातमोजा) घालून त्यावर ग्लोव्ह चढवा, अंगठा पूर्ण ताणा आणि दुसऱ्याला फटीवर कागद धरून आकार आखायला सांगा. बाजूंना शिलाईसाठी 8 ते 10 मिलिमीटर जादा ठेवा. वरची कड मात्र दोन्ही टोकं जोडणाऱ्या रेषेच्या थोडी खालीच कापा. चामडं सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचं, जनावराच्या पाठीकडचं, पोटाकडचं लांबतं. हाताने चारी बाजूंनी ओढून बघा, लांबलं तर परत करा.

दोरा मेण लावलेला नायलॉनचा. सुया दोन, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी, म्हणजे एक टाका तुटला तरी ओळ उसवत नाही. सुरुवात खालच्या बेचक्यातून करा आणि दोन्ही बाजूंनी वर या. वरून सुरू केलं की सगळी चुणी खाली साठते, आणि चुणी नियमात बसत नाही. वरच्या कोपऱ्यांत दोन-तीन उलट टाके घ्या, पण मजबुतीसाठी वर दुसरी पट्टी ठोकू नका, तीही नियमाबाहेर. शेवटी अंगठा ताणून दोन्ही टोकांवर मोजपट्टी ठेवा: वेब मोजपट्टीच्या खाली आणि ताठ. दोन्हींपैकी एक नसेल तर उसवून पुन्हा. घरी जमणार नसेल तर चपला-बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडे द्या, फक्त हे माप आणि ‘लवचिक काही नको’ एवढं सांगून.

आता राहिलेले मुद्दे. त्यांना फार वेळ द्यायची गरज नाही.

कडकडीत पाण्याने चामडं आकसतं आणि वाळल्यावर कडक होतं, तळव्याच्या रबराखालचा गोंदही सुटतो. खोबरेल तर सरळ विष. तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं, आधी चिकट लागतं म्हणून लोक खूश होतात, मग पिंपल्स (रबरावरचे पकडीसाठीचे बारीक उंचवटे) झडायला लागतात. ऊन रबराला चिरा पाडतं.

‘परदेशातले सगळे कीपर’ या दाव्याला उत्तर काय द्यायचं! 27.2 ठाण्याला एक आणि लॉर्ड्सला एक असा नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नवा ग्लोव्ह पुठ्ठ्यासारखा असतो आणि त्याला तळव्यात खोलगट बसवावा लागतो, हे मेसेजचं मूळ दुखणं खरं आहे. पण ती खोली तळव्यात हवी, वेबमध्ये नव्हे. ग्लोव्ह हातात घालून जुन्या बॉलने तळव्याच्या मध्यावर रोज वीसेक मिनिटं ठोका, बोटं मुळाशी दुमडत राहा, जवळून हळू फेकलेले कॅच घ्या. रात्री बॉल तळव्यात ठेवून ग्लोव्ह मिटून सैल बांधला तरी चालतं. पकड वाढवायला रबरावरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, एवढं पुरतं. आणि टर्फवर टेनिस बॉलने खेळणार असाल, तर नाडी लावा नाहीतर झालर लावा, तिथे ग्लोव्ह मोजायला कोण येतंय. तो ग्लोव्ह घेऊन सीझन बॉलच्या (चामड्याच्या कडक बॉलच्या) मॅचला मात्र येऊ नका.

उरला वाळवण्याचा प्रश्न, तो आपल्याकडे खरा आहे. पावसाळ्यात कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा खेळणाऱ्यांचे ग्लोव्हज दर आठवड्याला भिजतात आणि किटबॅगेत तसेच राहिले की बुरशी धरतात. इनर आधी बाहेर काढून वेगळे धुवा. ग्लोव्हच्या प्रत्येक बोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली उभे ठेवा. हेअर ड्रायर नको, फ्रिजच्या मागची गरम जागा नको. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने गॅलरीत झाडा, मग पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पंख्याखाली. पूर्ण वाळल्यावरच बॅगेत.