आमचा वाद आहे का हो?

इंग्लंडातलं घर विकून झालं. पैसे आले, किल्ल्या गेल्या, सामान बोटीवर आहे आणि मी कोथरूडला आईकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. खरं तर सुटलो म्हणून पेढे वाटायला हवेत. पण तो फॉर्म काही डोक्यातून जात नाही.

गावाचं नाव मेल्टन मोब्रे. लेस्टरपासून पंधरा मैल, दर मंगळवारी गुरांचा बाजार भरतो. प्रसिद्धी कशासाठी, तर पोर्क पाय: डुकराच्या मांसाची, थंडच खायची, पोट सुटलेली कचोरी समजा. आम्ही दोघंही शाकाहारी. लेस्टरात हाकेच्या अंतरावर ढोकळा मिळत असताना २०११ मध्ये आम्ही इथे घर का घेतलं? नवऱ्याला चर्च, नदी आणि शांतता आवडली. मला विचारलं नव्हतं असं माझं म्हणणं, विचारलं होतं असं त्याचं. घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत सामाईक. भिंतीपलीकडे एक आजोबा. एकटे, निवृत्त, शनिवारीसुद्धा टाय.

तर फॉर्म. इंग्लंडात घर विकताना वकील विकणाऱ्याकडून एक जाडजूड माहितीपत्रक भरून घेतो. कुंपण कुणाचं, पूर येतो का, बागेत जपानी नॉटवीड नावाचं तण आहे का (असलं तर बँक कर्ज द्यायला नाक मुरडते). जोडीला दुसरा फॉर्म, कोणती वस्तू ठेवणार आणि कोणती नेणार याचा. त्यात पडद्याच्या दांड्यांपासून टॉयलेट रोलच्या होल्डरपर्यंत सगळं विचारतात. तो होल्डर मी कोथरूडला नेऊन काय करू? छताचा दिवा काढून नेलात तर तिथे साधा होल्डर आणि बल्ब लावून द्यायचा, अशीही अपेक्षा. बल्बसकट! ज्या देशाने जाताना आमच्याकडून एवढं नेलं, त्या देशात बल्बचा हिशोब आमच्याकडे मागतात. असो.

हे सगळं मी हसतहसत भरलं आणि एका प्रश्नावर अडकले. या घरावरून किंवा शेजारच्या घरावरून काही वाद किंवा तक्रारी झाल्या आहेत का? आणि पुढे वाद होईल असं काही तुम्हाला ठाऊक आहे का? खोटं लिहिलं तर घेणारा उद्या दावा ठोकू शकतो.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत हा प्रश्न विचारला तर पुरवण्या जोडाव्या लागतील. पण तिथला वाद ओळखू येतो. तो जिन्यात होतो, त्याला आवाज असतो, सेक्रेटरी बनियनवर बाहेर येतो. मेल्टनमध्ये चौदा वर्षांत आजोबांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही. बोलणं दोनच विषयांवर, हवा आणि कचऱ्याचा बिन. फक्त २०१६ मध्ये एकदा दारातून चिठ्ठी आत आली होती: ‘तुमचा बिन सरकलेला दिसतो.’ बिन चार बोटं सरकला होता. मी परत सरकवला. आता ही तक्रार म्हणायची का?

वकीलबाईंना विचारलं. त्यांचं उत्तर आलं, ‘हे तुम्हीच ठरवायचं.’ यासाठी आपण फी देतो. नवरा म्हणाला, “‘नाही’ लिही आणि मोकळी हो.” पण मी मास्तरांची मुलगी. खोट्याखाली सही करताना मला अजूनही बाबांचा चष्मा दिसतो. म्हणून शेवटी मी थेट आजोबांकडेच गेले.

चौदा वर्षांत मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. चहा आला, बिस्किटं आली, पावसाबद्दल बोलून झालं. मग मी विचारलं, “आपल्यात काही वाद आहे का हो?”

त्यांनी कप खाली ठेवला. मी एखाद्या गुप्तरोगाची चौकशी केल्यासारखा चेहरा. “वाद? छे छे. मुळीच नाही.” आणि ते उठले, कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली, चष्मा बदलला.

“तरीही,” ते म्हणाले, “तुम्ही विचारलंच आहे तर.”

वहीत तारखा होत्या. २०११ पासूनच्या.

“सकाळी सात दहा. विमान उतरल्यासारखा आवाज. चाळीस सेकंद.” मिक्सर. चटणीचा.

“ऑक्टोबर. दारावर तारा टांगला.” आकाशकंदील. “डिसेंबरमध्ये तो शोभला, म्हणून मी बोललो नाही. फेब्रुवारीत मात्र...” इथे त्यांनी मान हलवली. कबूल आहे, तो माझा आळस.

“मार्च २०१३. गॅस.”

हे मला आठवत होतं. मी आमटीला फोडणी दिली आणि तासाभरात दारात गॅसवाला उभा, हातात यंत्र. शेजारून फोन आला म्हणे. त्याने बॉयलर हुंगला, शेगडी हुंगली, यंत्र गप्प होतं पण त्याचं नाक गप्प बसेना. शेवटी मी हिंगाची पिवळी डबी उघडून त्याच्या नाकाखाली धरली. तो दोन पावलं मागे गेला आणि म्हणाला, “हे तुम्ही खाता?” आता न्यायाने बोलायचं तर आजोबांचं नाक खोटं नव्हतं. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात गंधकाची उग्र संयुगं मुद्दाम मिसळतात, आणि हिंगाचा दर्पही गंधकाच्या संयुगांचाच. म्हणजे माझी आमटी रसायनशास्त्राच्या दृष्टीने गळतीच होती. पण तेव्हा फोन कुणी केला हे आजोबांनी कधी सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुंपणावरून म्हणाले होते, “हवा छान पडलीय.”

त्यांनी वहीची काही पानं मागे उलटली. “१४ नोव्हेंबर २०१२. गोल, काटेरी, कडक पदार्थ. दाताचे डॉक्टर, ४८ पौंड.”

चकली! मी दर दिवाळीला त्यांना बशीभर चकल्या देत होते. दर वर्षी ते “लव्हली” म्हणून घेत होते.

“मग पुढच्या सगळ्या वर्षांच्या चकल्या?”

“पक्ष्यांना,” ते शांतपणे म्हणाले. “कबुतरांना विशेष आवडतात.”

भाजणी मी पुण्याहून आणायचे हो. विमानाने, चार चड्ड्या कमी घेऊन.

“म्हणजे तुमची तक्रार आहे,” मी म्हटलं.

“नाही नाही. ही नोंद आहे.”

“नोंद आणि तक्रार यात फरक काय?”

त्यांनी खरंच विचार केला. “तक्रार,” ते म्हणाले, “माणूस बोलून दाखवतो.”

घरी येऊन मी नवऱ्याला हे सगळं साभिनय करून दाखवलं, तो हसून लोळला. मी नाही हसले. चौदा वर्षं मी समजत होते की आमचं बरं जमतं. त्यात इस्टेट एजंट रोज सांगत होता, घर बघायला माणसं येतात तेव्हा ‘स्वयंपाकाचा वास’ नको, ताजा ब्रेड भाजा. सहा आठवडे आम्ही बिनफोडणीचं वरण खाल्लं. आणि हे कुठे, तर स्टिल्टनच्या मुलखात! निळी बुरशी धरलेलं ते चीज, ज्याचा वास फ्रिजचं दार बंद असतानाही खोलीत फिरतो. त्याची गंमत म्हणजे ते लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या तीनच परगण्यांत बनवता येतं. ज्या स्टिल्टन गावाचं नाव त्याला आहे ते चौथ्या परगण्यात पडतं, त्यामुळे स्टिल्टनमध्ये बनवलेल्या चीजला स्टिल्टन म्हणता येत नाही. तर तो वास ‘वारसा’ आणि आमचा हिंग ‘वास’.

मी फॉर्मवर खरं तेच लिहिलं. वाद नाही. २०१३ मध्ये शेजाऱ्यांनी गॅसच्या वासाबद्दल फोन केला होता, गळती नव्हती, हिंग होता.

आठ दिवसांनी घेणाऱ्यांच्या वकिलाचं पत्र आलं. प्रश्न एक: बॉयलरच्या तपासणीची कागदपत्रं पाठवा. प्रश्न दोन: ‘हिंग’ हा पदार्थ घरात कुठे बसवलेला आहे? प्रश्न तीन: तो घरासोबत राहणार आहे, की विक्रेते काढून नेणार आहेत?

नेणार, म्हणून कळवलं. हवं तर त्या जागी बल्ब लावून देतो असंही मी लिहिलं होतं, ते वकीलबाईंनी खोडलं.

आणि एवढं झाल्यावर, कराराच्या आदल्या संध्याकाळी, घेणाऱ्यांनी भाव चार हजार पौंडांनी पाडला. कारण ‘गॅसबाबतची अनिश्चितता’. आपल्याकडे विसार घेतला की निदान शब्दाला काही वजन येतं. इंग्लंडात करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नसतं. चार महिने ‘विकलं’ अशी पाटी अंगणात मिरवली तरी समोरचा शेवटच्या दिवशी खुशाल मागे फिरतो, किंवा असा कान पिळतो. असा ऐनवेळी भाव पाडण्याला त्यांच्या भाषेत गझंडरिंग म्हणतात. ज्या गोष्टीला नाव पडतं ती गुन्ह्यातून रीतीत जाते. आमची विमानाची तिकिटं काढलेली होती. मान्य केलं. चार हजार पौंड! एवढ्या पैशांत आयुष्यभराचा हिंग येतो, खानदानाचा.

निघायच्या सकाळी टॅक्सी आली तेव्हा आजोबा टाय घालून फाटकापाशी उभे होते. त्यांनी हात पुढे केला. मी मिळवला. घशात काहीतरी आलं, नाही म्हणत नाही.

“नवे लोक,” त्यांनी हळूच विचारलं, “काय खातात, काही कल्पना?”

“पोर्क पाय,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले. चेहऱ्यावर जरा निराशाच दिसली, की मला तसं बघायचं होतं कोण जाणे.

टॅक्सी वळली. मी मागे वळून पाहिलं, तर ते आमच्या बिनपाशी वाकले होते आणि तो चार बोटं सरकवत होते. तो जागेवरच होता. मी सकाळीच बघितला होता.